अनधिकृत स्ट्रीमिंग साइटवर मालिका पाहणं : गुन्हा नेमका कुणाचा?

चौकस

"पाहणं गुन्हा नाही, अपलोड करणं गुन्हा" हे वाक्य सगळीकडे फिरतंय. दुसरीकडे एखादी साइट ब्लॉक झाली की पडद्यावर तुरुंगवासाचा इशारा येतो. दोन्ही एकदम खरं कसं असेल? इथे फक्त कायदा आणि त्यामागची यंत्रणा यावर बोलू या. कुठली साइट चालू आहे, कुणाचं नवं डोमेन आलंय, ही माहिती कृपया टाकू नका.

मला सुटत नसलेल्या गाठी अशा. फाइल स्वतःकडे न ठेवता नुसता प्लेअर दाखवणारी साइट सुटते का? प्रेक्षकाच्या यंत्रात बफर होतो ती 'प्रत' धरायची का? सर्व्हर परदेशात असला तर काय? आणि फुकट पण कायदेशीर साइट ओळखायची कशी?

कलमनवीस

'साइट कायदेशीर आहे का' असं एका दमात विचारलं की गोंधळ होतो. एक भाग तुमच्या पडद्यावर येईपर्यंत त्याला किमान पाच-सहा हात लागतात: मूळ प्रवाहातून फाइल काढणारा, ती साठवणारा, दुवे लावून पान बनवणारा, जाहिराती व पैसे पुरवणारा, इंटरनेट जोडणी देणारा आणि शेवटी पाहणारा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

साठवून पोहोचवणाऱ्याबद्दल वाद जवळपास नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) मालिकेचा भाग हा 'सिनेमॅटोग्राफ फिल्म' या व्याख्येत बसतो, पडदा मोठा की लहान याने फरक पडत नाही. कलम १४(ड) नुसार त्याची प्रत काढणं आणि तो जनतेपर्यंत पोहोचवणं हे हक्क मालकाचे. 'जनतेपर्यंत पोहोचवणं' याची व्याख्या कलम २(एफएफ) मध्ये आहे आणि ती मुद्दाम रुंद ठेवली आहे. लोकांना पाहता येईल अशा रीतीने कृती उपलब्ध करून देणं पुरेसं आहे, प्रत्यक्ष कुणी पाहिली की नाही हे बघायचं कारण नाही. त्यामुळे 'आमच्याकडे कुणी फिरकतच नाही' हा बचाव चालत नाही.

कलम ५१ म्हणजे दिवाणी उल्लंघन, कलम ६३ म्हणजे गुन्हा. ६३ साठी 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख रुपये. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा सहा महिन्यांखाली आणू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. त्याआधी उच्च न्यायालयांमध्ये यावर एकमत नव्हतं.

मालिका वाहिनीवर प्रसारित झाली असेल तर वाहिनीला कलम ३७ खाली प्रसारणाचा वेगळा हक्क २५ वर्षं मिळतो. म्हणजे एकाच भागावर दोन निराळे मालक दावा लावू शकतात. ही गोष्ट बरेच जण विसरतात.

तिरकस

पण बहुतेक साइटींच्या तळाशी लिहिलेलं असतं की 'आम्ही आमच्या सर्व्हरवर कोणतीही फाइल ठेवत नाही, सर्व मजकूर त्रयस्थांचा आहे'. मग त्यांना पकडायचं कसं?

पॅकेटपारखी

आधी ते नेमकं काय करतात ते पाहू, म्हणजे कायद्याचा भाग सोपा जाईल.

मुख्य पानावर असतं काय, तर पोस्टर, भागांची यादी आणि एक आयफ्रेम (पानात दुसऱ्या ठिकाणचं पान दाखवणारी चौकट). त्या आयफ्रेममधला प्लेअर दुसऱ्या डोमेनवरून येतो. तो प्लेअर तिसऱ्या ठिकाणाहून एक एम३यू८ यादी मागवतो. ही साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात व्हिडिओच्या छोट्या तुकड्यांचे पत्ते क्रमाने लिहिलेले असतात. तुकडा साधारण सहा सेकंदांचा (तुकड्यांत व्हिडिओ पाठवायच्या या पद्धतीला एचएलएस म्हणतात, ॲपलची तिच्यासाठीची शिफारस तीच आहे), म्हणजे ४५ मिनिटांच्या भागाचे साडेचारशेच्या आसपास तुकडे. ते चौथ्याच ठिकाणच्या साठवणुकीतून येतात आणि मध्ये एखादा सीडीएन (मजकूर जवळच्या सर्व्हरवरून पोचवणारं जाळं) उभा असतो. पत्त्याला मुदतीचं टोकन जोडलेलं असतं, त्यामुळे आज टिपून ठेवलेला दुवा उद्या मेलेला सापडतो.

म्हणून 'आमच्याकडे फाइल नाही' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या अनेकदा खरं असतं. पण मुख्य साइट आणि साठवणूक ही दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात असणं हेही नेहमीचं आहे. डोमेनं चार, जाहिरातीचा खाते क्रमांक एक. तपास बहुधा त्याच धाग्याने पुढे सरकतो.

कलमनवीस

तळटीप लिहिल्याने जबाबदारी झटकता येत नाही. यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळे रस्ते घेतले आहेत.

युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये स्वेन्सन निकालात सांगितलं की परवानगीने खुल्या असलेल्या मजकुराला दुवा देणं उल्लंघन नाही. २०१६ च्या जीएस मीडिया निकालाने दुसरी बाजू पुरी केली: मजकूर विनापरवाना असेल आणि दुवा देणारा त्यावर कमाई करत असेल, तर त्याला ते माहीत होतं असंच गृहीत धरायचं. नव्हतं हे सिद्ध करणं त्याच्याकडे. २०१७ मध्ये पायरेट बे या टॉरेंट साइटच्या प्रकरणात याद्या लावणं, वर्गवारी करणं, शोधयंत्र पुरवणं हेही 'जनतेपर्यंत पोहोचवणं' ठरलं. त्याआधीच जर्मनीतली किनो.टीओ ही दुव्यांची साइट २०११ मध्ये बंद पडली होती आणि २०१२ मध्ये तिच्या संस्थापकाला साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

अमेरिकेत चित्र जरा विस्कळीत आहे. २००७ च्या परफेक्ट १० निकालातली 'सर्व्हर कसोटी' म्हणते की ज्याच्या सर्व्हरवर फाइल, तोच ती दाखवतो. न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने २०१८ मध्ये ती कसोटी मानायला नकार दिला. पण सर्व्हर कसोटीतून सुटलेला माणूस 'उल्लंघनाला प्रोत्साहन' या मुद्द्यावर अडकू शकतो, ते दार २००५ च्या ग्रोकस्टर निकालाने उघडं ठेवलंय.

भारतात कलम ५१(अ)(२) आहे: उल्लंघन करणाऱ्या प्रसारणासाठी 'जागा' नफ्यासाठी वापरू देणं. ही जागा आभासीही असू शकते, असा अर्थ मायस्पेस या सोशल नेटवर्कच्या प्रकरणात लावला गेला. शिवाय ६३ मध्ये साहाय्य करणाराही येतो. तेव्हा नुसता दुवा देणारा सुरक्षित आहे हा समज सोडा.

सनातनशंका

मायस्पेस निकाल अर्धाच सांगितलात. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मायस्पेसला दिलासा दिला होता. व्यासपीठाला उल्लंघनाची 'सर्वसाधारण शंका' असणं पुरत नाही, नेमक्या कृतीची नेमकी माहिती हवी, हा त्याचा गाभा. वापरकर्त्यांनी टाकलेल्या मजकुराचं प्रामाणिक व्यासपीठ आणि चोरीच्या मालिकांचं दुकान यांतली रेष इथेच आहे.

कलमनवीस

मान्य, आणि ती रेष पुढे एप्रिल २०१९ च्या यूटीव्ही विरुद्ध १३३७एक्स निकालात आणखी ठळक झाली. 'सराईत उल्लंघन करणारी साइट' ओळखायची कशी, याचे निकष तिथे दिलेत: चालकाची ओळख लपवलेली आहे का, सूचनांना दाद दिली जाते का, मुख्य हेतू उल्लंघनाचाच आहे का, वाहतूक किती, ब्लॉक चुकवायच्या सूचना साइट स्वतः देते का, इतर न्यायालयांनी तिला आधी रोखलंय का. अशा साइटचं प्रत्येक पान वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. त्याच निकालाने 'डायनॅमिक' मनाई आणली, म्हणजे तीच साइट नव्या पत्त्यावर उगवली की नवा दावा न लावता यादीत भर घालता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं आणि अजून निर्मितीही न झालेल्या कृतींना संरक्षण पोचवलं. त्याला 'डायनॅमिक प्लस' म्हणतात. हे जरा जास्तच ताणलंय असं माझं मत. जी कृती अस्तित्वातच नाही तिच्या मालकीचा पुरावा कुणी कसा तपासायचा?

चौकस

आता प्रेक्षकाकडे वळू या का? 'पाहणं गुन्हा नाही' या मूळ वाक्याचा उगम कुणाला माहीत आहे?

कलमनवीस

भारतापुरता त्याचा उगम बहुधा मुंबई उच्च न्यायालय, ऑगस्ट २०१६, इरॉस विरुद्ध बीएसएनएल. तेव्हा ब्लॉक झालेल्या पानावर जो इशारा दिसे, त्यात बेकायदा प्रत 'पाहणं' हाही गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड होऊ शकतो, असं लिहिलेलं असायचं. ६३ मधला कमाल दंड दोन लाखच आहे हे सोडा. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुळावरच बोट ठेवलं: गुन्हा पाहण्यात नाही. मालकाच्या हक्काला बाधा आणणारं वितरण, सार्वजनिक प्रदर्शन, विनापरवाना विक्री किंवा भाड्याने देणं यांत आहे. इशाऱ्याची भाषाही बदलायला लावली.

याला कायद्यातूनच एक आधार मिळतो. कलम ६३ब बघा. संगणक प्रोग्रामची (सॉफ्टवेअरची) बेकायदा प्रत जाणूनबुजून 'वापरणं' हा तिथे स्वतंत्र गुन्हा केलाय. म्हणजे वापरणाऱ्याला शिक्षा करायची होती तिथे संसदेने तसं स्पष्ट लिहिलं. फिल्मबाबत असं कलम नाही.

सनातनशंका

गुन्हा नाही म्हणजे कायदेशीर आहे, ही उडी मात्र चुकीची. २०१६ चा तो आदेश अंतरिम टप्प्यातला होता, बफरमधल्या प्रतीचा प्रश्न तिथे तपासायला आलेलाच नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १४(ड) मध्ये फिल्म 'कोणत्याही माध्यमात इलेक्ट्रॉनिक रीतीने साठवणं' हीसुद्धा प्रतच आहे. तुकडा ब्राउझरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) उतरला की साठवण झाली. मग वाचवणार कोण? कलम ५२(१)(ब), जे प्रसारणाच्या निव्वळ तांत्रिक प्रक्रियेतल्या क्षणिक किंवा आनुषंगिक साठवणुकीला सूट देतं. पण ती सूट मधल्या वाहकासाठी आहे की टोकाच्या प्रेक्षकासाठीसुद्धा, हे शब्दांतून सुटत नाही. त्याच्या पुढच्या (क) मध्ये तर प्रत उल्लंघनाची आहे हे माहीत असेल तर सूट नाही, अशी स्पष्ट अट आहे. (ब) मध्ये ती अट नाही. प्रेक्षकाचा बचाव त्या एका फरकावर उभा आहे.

युरोपात हाच प्रश्न २६ एप्रिल २०१७ च्या फिल्मस्पेलर निकालात सुटला आणि प्रेक्षकाच्या विरोधात सुटला. पायरसीचे दुवे आधीच भरलेली डबी विकणाऱ्याचा खटला होता. न्यायालयाने त्यात हेही सांगितलं की विनापरवाना आणि फुकट स्रोत आहे हे पक्कं माहीत असताना, मुद्दाम तिथे जाऊन पाहणाऱ्याच्या यंत्रातली तात्पुरती प्रत सवलतीत बसत नाही. जर्मन सरकारने २०१४ मध्ये नुसतं स्ट्रीम पाहणं उल्लंघन नाही असं मत दिलं होतं, ते या निकालाने मोडीत निघालं.

पॅकेटपारखी

बफरवरून आठवलं. अमेरिकेत २००८ च्या केबलव्हिजन निकालात बफरमधला कुठलाही तुकडा जास्तीत जास्त १.२ सेकंद राहत होता, म्हणून ती 'स्थिर झालेली' प्रत नाही असं ठरलं. आजच्या ब्राउझर प्लेअरला हा निकाल सरसकट लावू नका. तो पुढची ३० ते ६० सेकंदं आधीच ओढून ठेवतो, आणि सर्व्हरने कॅशची परवानगी दिलेली असली तर तुकडे डिस्कवर तासन् तास राहतात.

कलमनवीस

अमेरिकेचा डिसेंबर २०२० चा कायदाही इथे सांगायला हवा, कारण त्याबद्दल बऱ्याच अफवा पसरल्या. त्याआधी बेकायदा स्ट्रीमिंग सेवा चालवणं हा किरकोळ गुन्हा होता, कमाल एक वर्ष. प्रत काढणं आणि वाटणं गंभीर, पण स्ट्रीम करणं किरकोळ, अशी विसंगती होती. नव्या कायद्याने व्यावसायिक सेवा चालवणाऱ्याला तीन वर्षं, कृती अजून व्यावसायिक प्रदर्शनाच्या तयारीत असेल तर पाच, पुन्हा गुन्हा केला तर दहा. प्रेक्षक त्यात नाही.

मालिकांचंच ठळक उदाहरण हवं असेल तर जेटफ्लिक्स. लास व्हेगासमधून चालायची, मासिक वर्गणी घ्यायची आणि एका टप्प्यावर १,८३,२८५ भाग असल्याचा दावा करायची. पायरसी साइटींवरून नवे भाग शोधून आपोआप उतरवणाऱ्या स्क्रिप्ट लावलेल्या होत्या. तक्रारी वाढल्या आणि पैसे घेणाऱ्या कंपन्या अडचणी करू लागल्या तेव्हा आपण विमान प्रवाशांच्या मनोरंजनाची कंपनी आहोत असं सोंग घेतलं. जून २०२४ मध्ये पाच जण दोषी ठरले.

तिरकस

म्हणजे प्रेक्षकाला प्रत्यक्षात कधीच काही होत नाही, असंच ना?

सनातनशंका

इटलीत होतं. २०२३ च्या ९३ क्रमांकाच्या कायद्यानंतर ग्राहकाला दीडशे ते पाच हजार युरो दंडाची तरतूद आहे, आणि २०२५ मध्ये दोन हजारांहून अधिक जणांना तो भरावा लागला. बेकायदा आयपीटीव्हीची (इंटरनेटवरून वाहिन्या दाखवणाऱ्या सेवेची) वर्गणी भरल्याच्या नोंदींवरून ते सापडले. थोडक्यात, फुकट पाहणारा शोधायला महाग पडतो, पैसे भरणारा आपलं नाव स्वतः लिहून देतो.

पॅकेटपारखी

आणि एक प्रकार असा आहे जिथे 'मी फक्त पाहतोय' हे विधानच खोटं ठरतं. काही प्लेअर सर्व्हरचा खर्च वाचवायला वेबआरटीसीवरून (ब्राउझर थेट एकमेकांशी जोडणारं तंत्र) प्रेक्षकांनाच एकमेकांना तुकडे वाटायला लावतात. तुम्ही पाहिलेला तुकडा तुमच्या यंत्रातून दुसऱ्याला जातो. टॉरेंटवरून थेट व्हिडिओ चालवणाऱ्या ॲपचंही तेच, दिसायला स्ट्रीमिंग, आतून टॉरेंट. इथे तुम्ही वाटप करणारे झालात, आणि तुमचा आयपी पत्ता त्या समूहातल्या प्रत्येकाला दिसतो. हक्कधारकांच्या वतीने आयपी गोळा करणाऱ्या कंपन्या नेमक्या अशाच समूहात बसलेल्या असतात. साध्या एचएलएस स्ट्रीममध्ये त्यांना ही सोय नाही.

हे तपासायचं असेल तर यंत्रावरचा अपलोडचा वेग बघा. साधं स्ट्रीम चालू असताना तो डाउनलोडच्या दोन-तीन टक्क्यांवर जात नाही, कारण जातात त्या फक्त पोचपावत्या. तो सतत शेकडो किलोबिटवर राहिला आणि दुसरा बॅकअप वगैरे चालू नसेल, तर वाटप सुरू आहे. क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स हे अंतर्गत पान उघडलं तर जोडलेले सहकारी आणि पाठवलेले बाइट सरळ दिसतात.

चौकस

सर्व्हर परदेशात असेल तर? आणि व्हीपीएन लावला तर?

कलमनवीस

सर्व्हर कुठेही असो, प्रेक्षक जिथे आहे तिथे 'पोहोचवणं' घडलं असं बहुतेक न्यायालयं धरतात. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे परदेशी कृतीला नोंदणीशिवाय संरक्षण मिळतं, म्हणजे कोरियन किंवा तुर्की मालिका भारतात नोंदलेली नाही हा बचाव नाही. अडचण येते ती अंमलबजावणीत. म्हणून तर ब्लॉकचा मार्ग. आणि व्हीपीएनने कृतीचं स्वरूप बदलत नाही. परवान्याच्या सेवेवर दुसऱ्या देशाचा संग्रह पाहायला तो लावला तर मुख्यतः सेवेच्या अटींचा भंग होतो, खातं बंद होऊ शकतं. विनापरवाना साइटवर लावला तर उल्लंघन जिथल्या तिथेच राहतं.

पॅकेटपारखी

ब्लॉकबद्दल चार शब्द. डीएनएसवर अडवलं तर ते नाव चुकीच्या पत्त्याकडे वळतं. जोडणीच्या सुरुवातीला साइटचं नाव उघडं जातं ते वाचून अडवणं ही दुसरी पद्धत. आयपी पत्ताच अडवणं ही तिसरी आणि सगळ्यात धोक्याची, कारण सीडीएनच्या एका पत्त्यावर हजारो निरपराध साइटी असतात. ऑस्ट्रियात ऑगस्ट २०२२ मध्ये तसं झालं. इटलीची पायरसी शील्ड ही ब्लॉक करायची सरकारी यंत्रणा तक्रारीनंतर तीस मिनिटांत अडवायला लावते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने क्लाउडफ्लेअरचा सामायिक पत्ता बंद केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगल ड्राइव्हचं एक डोमेन. तीस मिनिटांत माणूस काय तपासणार! म्हणून एखादी साइट उघडत नाही यावरून ती बेकायदा होती असा निष्कर्ष काढू नका, आणि उघडते म्हणून कायदेशीर आहे असाही नाही.

परवानापुराण

फुकट पण कायदेशीर ओळखायची कशी, ते राहिलं. फुकट हा निकष टाकून द्या. जाहिरातींवर चालणाऱ्या अधिकृत सेवा आहेत, वाहिन्यांचे स्वतःचे खुले संग्रह आहेत. उलट पैसे घेणाऱ्या बेकायदा सेवाही ढिगाने आहेत.

परवाना नेहमी तुकड्यांत विकला जातो: प्रदेश, कालावधी, भाषा, आणि माध्यम (वर्गणी, जाहिरात, एकेक भाग विकत). त्यामुळे खऱ्या सेवेचा संग्रह नेहमी भोकं पडलेला असतो. दुसरा हंगाम आहे, पहिला नाही, तिसरा महिनाअखेरीस जाणार. प्रतिस्पर्धी सेवांच्या 'फक्त आमच्याकडे' असलेल्या सगळ्या मालिका एकाच पानावर अख्ख्या मिळत असतील तर तो परवाना पृथ्वीवर कुणाकडेच नाही. हा एकच निकष दहातल्या नऊ साइटी निकालात काढतो.

उरलेल्यांसाठी हे बघा. चालवणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता अटींच्या पानावर हवा, आणि तेच नाव ॲप स्टोअरवरच्या विकासकाशी जुळायला हवं. भारतात सेवा देत असेल तर २०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क हवा. मग निर्मात्याच्या किंवा वाहिनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जा आणि तिथून त्या सेवेकडे दुवा येतो का पाहा. उलट दिशेने तपासू नका, कारण बनावट साइट वाट्टेल त्याचा लोगो लावते. डोमेनची नोंद आरडीएपीवर (डोमेन नोंदणीची माहिती देणारी सेवा) बघा. जुनी म्हणून चांगली असं नाही, पण तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेलं डोमेन आणि दहा हजार भाग हे गणित जुळत नाही. पैसे फक्त क्रिप्टो, गिफ्ट कार्ड किंवा चॅटवर पाठवलेल्या कुणाच्या वैयक्तिक क्यूआरवर मागत असतील तर तिथेच थांबा.

आणि 'डीएमसीए' (अमेरिकेचा डिजिटल कॉपीराइट कायदा) नावाचं पान तळाशी असणं हा परवान्याचा पुरावा नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की तक्रार आली तर काढू असं ते म्हणतात.

चौकस

उपयोगी. आता उलट बाजू: स्वतंत्र निर्मात्याची वेबमालिका अशा साइटवर सापडली, तर त्याने पावलं कुठल्या क्रमाने उचलायची?

कलमनवीस

आधी पुरावा, मग पत्र. उलटं केलं की पान गायब होतं आणि हातात काही उरत नाही.

पानाचा पूर्ण पत्ता, प्लेअरच्या आयफ्रेमचा पत्ता आणि एम३यू८ चा पत्ता असे तिन्ही टिपा. ब्राउझरच्या नेटवर्क नोंदीची एचएआर फाइल (पानाने काय काय मागवलं त्याची यादी) जतन करा. पडद्याचं चित्रीकरण करताना तारीख, वेळ आणि कालक्षेत्र दिसू द्या. प्रत्येक फाइलचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा अंकी ठसा) लगेच काढा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे (जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब). त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र हाताळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. (कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ निराळं, अर्जात घोळ करू नका.)

मग सूचना. कॉपीराइट नियम २०१३ चा नियम ७५ सांगतो की तिच्यात हे हवं: कृतीचं ओळखता येईल असं वर्णन, तुम्ही मालक किंवा अनन्य परवानाधारक असल्याचा तपशील, ही प्रत उल्लंघनाची का आहे आणि कलम ५२ च्या सवलतीत का बसत नाही, ती नेमकी कुठे आहे, अपलोड करणारा माहीत असेल तर तो, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी. सूचना मिळाल्यावर ३६ तासांत मध्यस्थाने (मजकूर ठेवणाऱ्या किंवा दुवा देणाऱ्या सेवेने) प्रवेश रोखायचा. लोक चुकतात ते शेवटच्या अटीत. २१ दिवसांत आदेश आला नाही तर मध्यस्थ मजकूर परत सुरू करू शकतो, आणि त्याच कृतीबद्दल त्याच ठिकाणच्या पुढच्या सूचनेला दाद द्यायला तो बांधील नाही. म्हणजे दावा लावायची तयारी नसताना घाईने पाठवलेली सूचना स्वतःचंच दार लावून घेते.

अमेरिकी यजमान (फाइल साठवणारी कंपनी) असेल तर डीएमसीएचं कलम ५१२. तिथे दाव्याची हमी लागत नाही, पण आपण हक्कधारकाच्या वतीने बोलायला अधिकृत आहोत हे खोट्या साक्षीच्या जबाबदारीवर लिहावं लागतं. अपलोड करणाऱ्याने प्रतिसूचना दिली तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो, तेवढ्यात तुम्ही दावा लावला नाही तर.

पॅकेटपारखी

सूचना कुणाला पाठवायची यात निम्मे लोक चुकतात. मुख्य पानाच्या डोमेनचा आयपी काढतात, तो सीडीएनचा निघतो, सीडीएन म्हणतो आम्ही फक्त वाहक, तक्रार पुढे पाठवली. व्हिडिओचे तुकडे ज्या नावावरून येतात त्या नावाचा यजमान शोधा. तो उखडला की त्यावर लटकलेली वीस पानं एकदम मरतात. नुसतं मुख्य पान काढलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोमेनवर तेच. समांतर शोधयंत्रालाही कळवा, बहुतेक वाहतूक तिथून येते.

तिरकस

जुन्या मालिकांचं काय? ज्या कुठेच विकत मिळत नाहीत, निर्माती कंपनीही उरली नाही?

कलमनवीस

'कुठे मिळत नाही' ही कायद्यात सूट नाही. मुदत मात्र संपते: फिल्मला प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. १९६० मध्ये प्रकाशित झालेली कृती १ जानेवारी २०२१ ला मुक्त झाली. तरी पटकथा आणि संगीत यांची गणना वेगळी चालते, लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं, त्यामुळे फिल्म मुक्त पण तिच्यातलं गाणं बांधलेलं असं होऊ शकतं. मालक सापडत नसेल तर कलम ३१अ खाली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सक्तीचा परवाना मागता येतो. हा वापर फार कमी होतो. पूर्वी अर्ज कॉपीराइट मंडळाकडे, मग २०१७ पासून बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे, २०२१ मध्ये तेही बरखास्त झाल्यावर न्यायालयात. तितका खर्च करून जुनी मालिका दाखवायला कोण बसलंय.

सनातनशंका

उपशीर्षकं बनवणाऱ्यांनीही जपून. संवादांचं भाषांतर हा मूळ लेखकाचा हक्क आहे. ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये हौशी उपशीर्षककारांविरुद्धच निकाल दिला होता, व्हिडिओ त्यांनी ठेवलेला नसतानाही.

पॅकेटपारखी

ज्यांनी अशा 'सगळं फुकट' ॲपची एपीके (ॲप स्टोअरबाहेरून उतरवलेली अँड्रॉइड ॲपची फाइल) आधीच फोनमध्ये टाकली आहे त्यांच्यासाठी: नुसतं काढून टाकू नका. आधी सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, सूचना वाचण्याची परवानगी आणि डिव्हाइस ॲडमिन या तीन ठिकाणी तिचं नाव आहे का बघा. डिव्हाइस ॲडमिन चालू असेल तर ॲप निघतच नाही, तो अधिकार आधी बंद करावा लागतो. ॲक्सेसिबिलिटी किंवा सूचनांची परवानगी दिलेली असेल तर ओटीपी वाचले गेले असं धरून चाला आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, त्याच फोनवरून नव्हे. व्हिडिओ प्लेअरला या तिन्हींतली एकही परवानगी लागत नाही.